दीर्घ संसारातील दुखण्याविषयी

(ज्युबिलीच्या निमित्ताने मोडनिंब येथे जमलेल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज सकाळी मिस्सा झाल्यावर, ज्यांच्या लग्नास पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक झाली अशा जोडप्यांस आम्ही वेदीपुढे बोलाविले. त्यांस हार घातले, आणि त्यांनी आपली विवाहाची वचने पुन्हा उच्चारिली. तो देखावा पाहून कोणास आनंद होणार नाही? परंतु त्याच वेळी आमची दृष्टी मागील बाकांकडेही गेली. तेथे अशी काही माणसे होती की, ज्यांची वर्षे तितकीच भरली आहेत, पण जी पुढे आली नाहीत. नवरा एका टोकास आणि बायको दुसऱ्या टोकास बसून राहिली. आम्ही कोणाचे नाव घेत नाही व घेणारही नाही. आजचे आमचे बोलणे मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे; आणि ज्यांनी हार घालून घेतले त्यांच्यापैकी कोणास ते आपल्यासाठीच आहे असे वाटले, तर त्यांनीही ते आपले समजावे.

नव्या संसारातील भांडणे सर्वांस ठाऊक आहेत. ती मोठ्याने होतात, शेजारी ऐकतात, वडील मंडळी मध्ये पडतात आणि बहुधा ती मिटतात. जुन्या संसाराचे दुखणे निराळे असते. त्यास आवाज नसतो. काही वर्षांमागे एक जोडपे आमच्याकडे आले होते. ते पापनिवेदनासाठी आले नव्हते. जे बोलले ते बैठकीच्या खोलीत बोलले, आणि त्यांच्याच परवानगीने, ओळख पटू नये इतका फेरफार करून, आम्ही ते येथे सांगत आहो. लग्नास बावीस वर्षे झालेली. आम्ही विचारिले, "तुमचे भांडण कशावरून होते?" तेव्हा बाई म्हणाल्या, "फादर, आमचं काय बी भांडण न्हाई. आमी बोलतच न्हाई." पुढे कळले की, घरातील सर्व व्यवहार धाकट्या मुलीच्या तोंडून चालत असे. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला सांग, उद्या मी लवकर जाणार." आता ती मुलगी बारावी होऊन शिक्षणास परगावी जाणार होती, आणि त्या दोघांपुढे प्रश्न पडला होता की, यापुढे निरोप कोणी पोचवावा! हा प्रश्न ऐकून आम्हांस हसू आले नाही. इतक्या वर्षांच्या अबोल्याचा भार एका लेकराने वाहिला होता.

त्या दिवशी आम्ही त्यांस काय सांगितले? जे आम्ही नेहमी सांगत आलो तेच: एकमेकांस क्षमा करा, रोझरी एकत्र म्हणा, सोसा. हा उपदेश खोटा नव्हे. परंतु ज्याचा पाय मोडला आहे त्यास "चाल" असे सांगण्यासारखा तो होता. क्षमा करावी हे त्यांस ठाऊकच होते. ती कोठून सुरू करावी, पहिला शब्द कोणी व कसा उच्चारावा, हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही ठाऊक नव्हते. सेमिनरीत आम्ही विवाह-संस्काराचे धर्मशास्त्र शिकलो. दोन दुखावलेल्या माणसांस समोरासमोर बसवून बोलते कसे करावे, ही विद्या निराळी आहे. ती पुढे आम्ही थोडीबहुत वाचून व जाणत्यांकडून ऐकून समजून घेतली. तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. तिला समुपदेशन म्हणतात. आणि पतिपत्नी दोघे मिळून जे घेतात ते दांपत्य-समुपदेशन.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. ती आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील आहे, आणि तिचा काही भाग आपल्या मोडनिंबाच्या जवळ, पंढरपुरास, घडला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांची नावे आपणांस परिचित आहेत. ते आपल्या कॅथोलिक मंडळीतले नव्हते, तरी त्यांच्या संसारापासून आपण पुष्कळ शिकू शकतो. टिळक उदार, बुद्धिमान, पण शीघ्रकोपी. कोणास न सांगता घर सोडून जावयाचे. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि हा संसार दुभंगला. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पदरी लहानगा दत्तू, नातेवाईकांचा धाक, समाजाची निंदा. त्या काळात लक्ष्मीबाई काही दिवस पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने होत्या. हे सर्व त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे' या आपल्या ग्रंथात इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की, तसे लिहिण्यास आजही कोणी सहसा धजत नाही.

हा दुभंगलेला संसार पुन्हा कसा जुळला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. "आधी तू माझ्यासारखी हो, मग घरात ये", अशी अट शेवटी टिळकांनी घातली नाही. आणि "आधी तुम्ही परत फिरा" या अटीवर लक्ष्मीबाईही अडून बसल्या नाहीत. मधल्या काळात पत्रव्यवहार चालू राहिला. आणि ज्या अक्षरांनी लक्ष्मीबाई पत्रे वाचीत, ती टिळकांनीच त्यांस पूर्वी शिकविली होती. मग त्या पतीजवळ राहावयास आल्या त्या आपले सोवळे, आपला स्वयंपाक व आपले पाणी वेगळे ठेवून आल्या. टिळकांनी ते चालू दिले. जवळ राहता राहता, कोणी बळजबरी न करिता, राहुरीस असताना लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेदाची गाठ आपोआप सुटली, आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही टिळकांचा स्वभाव पालटला असे नाही, कुरबुरी झाल्याच. पण १९१९ साली टिळकांना देवाज्ञा होईपर्यंत तो संसार एकत्र राहिला.

आता या गोष्टीच्या शेजारी सांप्रतच्या शास्त्राचे म्हणणे ठेवून पाहू. अमेरिकेत सिअॅटल येथे जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पतिपत्नींची संभाषणे बारकाईने पाहिली. त्यांस असे आढळले की, जोडप्यांमधील मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के मतभेद कधी सुटतच नाहीत. कारण ते दोन स्वभावांतून निघालेले असतात. एकास पैसा साठवावयाचा असतो, दुसऱ्यास माणसे जोडावयाची असतात. एकास आईचा शब्द मोठा, दुसऱ्यास आपल्या चुलीचा. मग चांगले संसार कसे चालतात? तेथे मतभेद नसतात म्हणून नव्हे, तर त्या मतभेदांविषयी बोलण्याची रीत निराळी असते म्हणून. संसारास घातक अशा चार सवयी गॉटमन यांनी दाखविल्या: माणसाच्या स्वभावावर दोष ठेवणे, तिरस्कार, प्रत्येक बोलण्यावर आपलेच समर्थन, आणि अबोला. त्यांत तिरस्कार सर्वांत वाईट. "तुला काय कळतंय" हे तीन शब्द वीस वर्षे रोज ऐकिले म्हणजे माणसाचे काय होते, हे आपल्यापैकी काहींस चांगले ठाऊक आहे.

दुसरे संशोधन तर आपल्या विषयाशी थेट जुळते. अँड्र्यू क्रिस्टेन्सन व नील जेकब्सन या दोघांनी अशी उपचारपद्धती तयार केली की, जीत परिवर्तनाबरोबरच स्वीकारावर भर आहे. लॉस एंजेलिस व सिअॅटल या शहरांत १३४ जोडप्यांवर तिची जुन्या पद्धतीशी तुलना करून परीक्षा झाली. ही जोडपी मुद्दाम दीर्घकाळ व गंभीरपणे दुःखी असलेलीच निवडली होती. त्यांस फार तर २६ बैठका दिल्या. पाच वर्षांनंतर पाहता, दोन्ही पद्धती मिळून सुमारे निम्म्या जोडप्यांचा संसार खरोखर सुधारलेला आढळला, आणि सुमारे एक चतुर्थांश विभक्त झाली होती. हे आकडे आम्ही लपवीत नाही. हा उपाय म्हणजे चमत्कार नव्हे. पण ज्या दुखण्यास आपण असाध्य समजून बसलो, त्यांतील निम्म्यांस गुण येतो, हे ऐकून कोणता शहाणा रोगी वैद्याकडे जाणार नाही?

त्या खोलीत घडते तरी काय, असे पुष्कळ जण विचारितात. बहुधा पहिल्या बैठकीस दोघे एकत्र बसतात. मग समुपदेशक प्रत्येकास एकेकदा वेगळे भेटतो. त्यानंतर दोघांस पुन्हा एकत्र बसवून, आपणांस काय समजले ते तो त्यांच्यापुढे मांडतो, आणि पुढे आठवड्यास सुमारे तासभर बैठक होते. तो निकाल देत नाही. आपल्या भावकीच्या बैठकीत पंच बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि कोण चुकले ते सांगतात. ज्याच्या विरुद्ध निकाल लागला तो मान खाली घालून घरी जातो, आणि घरी गेल्यावर त्याचे उट्टे काढतो. समुपदेशक 'कोण चुकले' हे विचारीतच नाही. 'हे पुन्हा पुन्हा कसे घडते' एवढेच तो विचारितो. नवरा उशिरा येतो, बायको बोलते, म्हणून तो गप्प होतो. तो गप्प होतो म्हणून ती अधिक बोलते. ती अधिक बोलते म्हणून तो आणखी उशिरा येतो. या चक्राचे पहिले टोक कोणते? ते नसतेच. आजवर जो प्रश्न दोघांच्या मध्ये भिंतीसारखा उभा होता, तो उचलून दोघांच्या समोर ठेवावयाचा, म्हणजे दोघे एका बाजूस आणि प्रश्न दुसऱ्या बाजूस होतो. मग रागाच्या खाली दडलेले दुःख बोलू लागते. टिळकांनी वेगळी चूल चालू दिली ती याच जातीची गोष्ट नव्हे काय?

मोडनिंबच्या वृद्ध मंडळींस बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी आठवत असेल. तिचे रूळ अडीच फुटांचे, आणि कुर्डुवाडीस मिळणाऱ्या मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटांचे. एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर जात नसे. १९०६ साली पंढरपूरपर्यंत ती गाडी सुरू झाली तेव्हापासून या शतकाच्या आरंभी रूळ रुंद होईपर्यंत लोकांनी काय केले? कुर्डुवाडीस उतरले, आपले गाठोडे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत वाहून नेले, आणि पुढचा प्रवास केला. दोन रूळ निराळे आहेत म्हणून कोणी पंढरपूरचा प्रवास सोडला नाही. पुष्कळ संसारांत दोघांचे रूळ निराळेच राहावयाचे. तेथे गाठोडे उतरवून घेण्याचे ठिकाण मात्र पाहिजे.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना आमची मान खाली होते. पुष्कळ वर्षांमागे एक भगिनी आमच्याकडे आली. तिचा नवरा दारू पिऊन तिला मारीत असे. आम्ही तिला धीर दिला, नवऱ्यास समज दिली, आणि तिला परत घरी पाठविले. ती पुन्हा आली तेव्हा तिचा हात मोडलेला होता. तिने आम्हांस काही एक बोलून दाखविले नाही, आणि ते न बोलणेच आम्हांस आजवर टोचत आहे. बंधुभगिनींनो, मारहाण हा 'संसारातील प्रश्न' नव्हे. तो अपराध आहे. जेथे भय आहे तेथे दोघांस एका खोलीत बसवून बोलावयास लावणे हाच घात होय; कारण तेथे जी खरे बोलेल तिला त्याची किंमत घरी मोजावी लागेल. आम्ही सांगितलेल्या त्या १३४ जोडप्यांच्या परीक्षेतही जबर मारहाणीची प्रकरणे मुळातच घेतली नव्हती. पवित्र सभेचा कायदाही अशा स्त्रीस बांधून ठेवीत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ वे कलम सांगते की, जोडीदारापासून शरीरास, मनास वा मुलांस गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे. आणि विलंबात धोका असेल तर धर्माधिकाऱ्यांच्या हुकमाची वाट न पाहताही निघता येते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात, कधी कधी विभक्त राहणे अटळच काय पण नैतिक दृष्ट्या आवश्यकही असते, असे मान्य केले. देशाच्या कायद्यात २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा अधिनियम आहे, आणि १८१ हा महिलांसाठी मदतीचा दूरध्वनी आहे. आधी जीव सुरक्षित. समेटाची गोष्ट त्यानंतर, झाली तर.

लोक आणखी शंका काढितात. पहिली: "घरातले बाहेर कसे न्यावे?" आम्ही विचारितो, ते बाहेर गेलेले नाही काय? शेजारी जाणतात, मुले तर सर्वांहून अधिक जाणतात. दुसरी: "फादर आहेत ना, मग परका कशाला?" आम्ही आहोच. परंतु पापनिवेदनात आम्ही एका जिवाचे ऐकतो, आणि ते आमच्यापाशी मुद्रित राहते; एकाचे ऐकलेले दुसऱ्याशी बोलताना आम्हांस कधीच वापरता येत नाही. म्हणून दोघांमधील वाटाघाटीचे काम निराळ्या जाणत्या माणसाने करणे दोघांच्याही हिताचे आहे. तिसरी: "आमचे हे येणारच नाहीत." पुष्कळदा असेच होते. एकटीने गेले तरी चालते. चक्रातील एका माणसाने आपले पाऊल बदलले तर दुसऱ्यास जुने पाऊल टाकणे कठीण जाते. चौथी शंका खर्चाची. ती खरी आहे, म्हणून जेथे खर्च नाही अथवा थोडा आहे ती ठिकाणे आधी सांगतो.

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारणा करावी. १४४१६ हा 'टेलि-मानस' दूरध्वनी २०२२ पासून आहे. तेथे विनामूल्य बोलता येते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने तर न्यायालयावरच समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य घातले, आणि तेथे विवाह-समुपदेशक नेमण्याची सोय केली. आपल्या महाराष्ट्रात पुण्यास १८८९ नव्हे, १९८९ साली असे न्यायालय आले. एका शतकापूर्वी रखमाबाईंच्या खटल्यात जो धडा मिळाला होता, की न्यायालय हुकूम देऊ शकते पण घर देऊ शकत नाही, तो कायद्याने इतक्या उशिरा गिरविला. १९८४ सालीच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पीडित स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला, आणि असे कक्ष पुढे राज्यात इतरत्रही झाले. ठाण्यास १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्याची संस्था काम करिते. मुंबईत माहीम येथे मुंबई धर्मप्रांताचे 'स्नेहालय' हे कुटुंब-सेवा-केंद्र आहे. आणि आपल्याच पवित्र सभेत, १९७७ साली कॅनडातील क्युबेक प्रांतात सुरू झालेली 'रेत्रुवाई' नावाची चळवळ आहे. तीत ज्यांचा संसार मोडकळीस येऊन सावरला अशी जोडपीच दुसऱ्यांस हात देतात. त्या शब्दाचा अर्थ 'पुन्हा सापडणे' असा आहे.

कानागावच्या लग्नाची गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. तेथे द्राक्षारस संपला हे पंक्तीच्या कारभाऱ्यास कळले नव्हते. ते पवित्र मरियेच्या लक्षात आले. तिने यजमानास दोष दिला नाही, चारचौघांत बोभाटा केला नाही, आणि सर्व काही ठीक आहे असे सोंगही केले नाही. जो काही करू शकत होता त्याच्याजवळ जाऊन, काय संपले आहे ते तिने सांगितले. आणि चाकरांनी सहा रांजण भरले ते साध्या पाण्याने. आमच्या मते जुन्या संसारासाठी याहून चांगला धडा नाही. आपल्या घरी जे संपले आहे ते कोणा योग्य माणसाजवळ मोठ्याने सांगावे, आणि घरात जे साधे पाणी आहे त्याने रांजण भरण्यास आरंभ करावा. रोज दहा मिनिटे, दूरदर्शन व मोबाइल बंद करून, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने उत्तर न देता ऐकावे. मग पाळी बदलावी. तोंडाने बोलवत नसेल तर चार ओळी लिहून उशाशी ठेवाव्यात. आणि मुलांच्या हाती निरोप देणे आजपासून बंद करावे.

त्या बावीस वर्षांच्या जोडप्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मुलगी शिक्षणास गेली. ती दोघे आमच्या सांगण्यावरून एका समुपदेशिकेकडे नऊ वेळा गेली, मग जाणे थांबले. त्यांच्या घरी आता भांडण होते. बाईंनी स्वतः आम्हांस हे सांगितले, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर हसू होते. आम्ही याहून अधिक काही सांगू शकत नाही.

मागील बाकांवरच्या बंधुभगिनींनो, हारासाठी पुढे या, असे आम्ही आपणांस म्हणत नाही. मात्र आमच्या बैठकीच्या खोलीचे दार उघडे आहे, आणि तेथून पुढे कोठे जावयाचे ते आम्ही आपणांस सांगू. वाटल्यास आपल्याबरोबर एसटीत बसून येऊ. पवित्र कुटुंब आपणां सर्वांच्या घरांवर कृपादृष्टी ठेवो, हीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.